अकरावी-बारावीचं जीवशास्त्र: आधी वस्तू, मग चित्र, मग शब्द

बारावीच्या तोंडी परीक्षेत मी एका मुलीला विचारलं, "नारळ फोडल्यावर पाणी निघतं, ते काय असतं?" दुहेरी फलनाची व्याख्या तिने दोनच मिनिटांपूर्वी एकही शब्द न चुकता सांगितली होती. एंडोस्पर्म, म्हणजे बीजातल्या भ्रूणाला पोसणारा अन्नसाठा, त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेला) असतो, हेही तिला येत होतं. नारळापाशी मात्र ती अडली. शहाळ्यातलं पाणी म्हणजे एंडोस्पर्म, त्यात नुसती केंद्रकं मोकळी तरंगत असतात, आणि त्याच्याभोवतीचं पांढरं खोबरं म्हणजेही एंडोस्पर्मच, फक्त तिथे पेशीभित्ती तयार झालेल्या असतात, हे सांगितल्यावर ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "सर, म्हणजे आमच्या आमटीत रोज एंडोस्पर्मच असतो?"

त्या दिवसापासून मी माझी शिकवायची पद्धत बदलली. जीवशास्त्रात मागे पडणारी मुलं आळशी नसतात. बहुतेक वेळा ती खूप घोकतात. त्यांचा क्रम तेवढा उलटा असतो: आधी शब्द पाठ, मग आकृती आणि वस्तू कधीच नाही. क्रम सुलटा केला की हाच विषय डोक्यात टिकतो. पुढे जे लिहिलंय ते राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या मुलांसाठी आहे. त्यातही दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून विज्ञान शाखेत आल्यावर इंग्रजी पुस्तकापुढे बावरलेल्या मुलांसाठी जास्त.

दहावीचं पुस्तक रद्दीत घालू नका

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचा पहिला महिना शब्दांच्या धसक्यात जातो. खरं तर तुमच्याकडे एक ठेवा आहे, जो इंग्रजी माध्यमाच्या मुलांकडे नाही. तुमचे शब्द अर्थ घेऊन येतात. 'क्लोरोप्लास्ट' पाठ करावा लागतो, 'हरितलवक' कळतो. 'ट्रान्सक्रिप्शन' आणि 'ट्रान्सलेशन' यांत निम्मा वर्ग वर्षभर गोंधळतो. पण दहावीच्या विज्ञानात तुम्ही 'प्रतिलेखन' आणि 'भाषांतरण' शिकलेले आहात. डीएनएवरचा मजकूर त्याच लिपीत उतरवून घेतला तर ते प्रतिलेखन, कारण डीएनए आणि आरएनए दोघांचीही भाषा न्यूक्लिओटाइडचीच. तोच मजकूर अमिनो आम्लांच्या भाषेत गेला की भाषांतरण. शब्दातच उत्तर आहे.

म्हणून पहिली पायरी अशी: एक दोनशे पानी वही फक्त शब्दांसाठी ठेवा. पानाचे तीन उभे भाग करा. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मराठी प्रतिशब्द, तिसऱ्यात त्या शब्दाची फोड. फोड फार महत्त्वाची आहे, कारण या विषयातले शब्द ग्रीक-लॅटिन तुकड्यांनी बनलेत आणि तेच तुकडे पुन्हा पुन्हा येतात. 'सायटो' म्हणजे पेशी. 'फॅगो' म्हणजे खाणं. 'लिसिस' म्हणजे फोडणं, विघटन. 'ग्लायको' म्हणजे साखर. 'हिमो' रक्ताचा, 'नेफ्रो' मूत्रपिंडाचा, 'हेपॅटो' यकृताचा, 'ॲन्ड्रो' पुरुषाचा, 'गायनो' स्त्रीचा. असे चाळीस-पन्नास तुकडे जमले की ग्लायकोलिसिस, फॅगोसायटोसिस, ॲन्ड्रोशियम, गायनोशियम हे शब्द आपोआप उलगडतात. आपण संधी सोडवतो तसंच हे आहे. ज्याला 'सूर्योदय' फोडता येतो, त्याला 'ऑस्टिओसाइट' फोडता यायला हरकत नाही.

उत्तर मात्र इंग्रजीत लिहायचंय, हे विसरू नका. समजून मराठीत घ्या आणि त्याच रात्री दोन-तीन साधी इंग्रजी वाक्यं स्वतःच्या हाताने लिहा. वाक्य छोटं, क्रियापद सोपं. स्पेलिंगची सवय अकरावीतच लागली पाहिजे, बारावीत तेवढा वेळ मिळत नाही.

एक धडा तीनदा वाचायचा, तिन्ही वेळा वेगळा

पहिलं वाचन वहीपेनाशिवाय. गोष्टीचं पुस्तक वाचतो तसं एका बैठकीत धडा संपवा. न कळलेल्या जागी थांबू नका. धडा कुठून निघतो आणि कुठे पोचतो, एवढंच कळायला हवं.

मग वस्तू शोधा. दुहेरी फलनाचंच उदाहरण घेऊ, कारण बारावीच्या पुस्तकाचा पहिलाच धडा वनस्पतींच्या प्रजननाचा आहे आणि मुलं पहिल्या फटक्यात तिथेच हरतात. अंगणातलं जास्वंद आणा. पाकळ्या बाजूला करा. मधोमध नळी दिसते, तिच्यावर पिवळे परागकोष लागलेले असतात. ती नळी म्हणजे सगळ्या पुंकेसरांचे जोडलेले दांडे. नळीच्या टोकातून पाच मखमली ठिपके बाहेर आलेले असतात, त्या कुक्षी. आता ब्लेडने नळी हलक्या हाताने उभी चिरा. आतून एक बारीक पांढरा दोरा खालपर्यंत जातो, ती कुक्षीवृंत. दोरा जिथे संपतो, तिथला हिरवट फुगवटा म्हणजे अंडाशय. तो आडवा कापून भिंगाखाली धरा. पाच कप्पे आणि त्यांत मध्यभागी चिकटलेले पांढरे कण दिसतील. ते कण म्हणजे बीजांडं. परागनलिकेला ठिपक्यापासून या कणापर्यंत केवढा प्रवास करायचा असतो, हे त्या दोऱ्याची लांबी बघितल्यावर जसं कळतं तसं कुठल्याही परिच्छेदातून कळत नाही.

दुसरं वाचन आता, फूल समोर ठेवून. परागनलिका दोन नरयुग्मकं घेऊन येते. एक अंडपेशीला मिळतं, त्यातून युग्मनज होतो, म्हणजे उद्याचं रोप. दुसरं युग्मक मधल्या दोन ध्रुवीय केंद्रकांना मिळतं. एक अधिक दोन, म्हणून तीन संच, म्हणून एंडोस्पर्म त्रिगुणित. '३ एन' हे पाठ करायचं कारणच उरत नाही. नावाशिन या शास्त्रज्ञाने हे १८९८ साली लिलीच्या कुळातल्या फुलांमध्ये पाहिलं.

मग स्वयंपाकघरात जा. रात्री भिजवलेला हरभरा सोला. दोन डाळिंब्या सुटतात, त्यांच्या सांध्यात इवलासा कोंब असतो. एंडोस्पर्म शोधून सापडणार नाही, कारण वाढत्या भ्रूणाने तो संपवला आणि अन्न डाळिंब्यांत, म्हणजे बीजपत्रांत, साठवलं. मक्याच्या दाण्यात मात्र तो शिल्लक असतो. आपण पीठ दळतो ते मुख्यतः त्याचंच. नारळात तो पाणी आणि खोबरं होऊन बसतो. तीन वस्तू ताटात मांडून बघितल्या की धड्यातली दोन पानं संपली.

तिसरं वाचन पेन्सिल घेऊन आणि फक्त प्रश्न काढण्यासाठी. प्रत्येक परिच्छेदाखाली समासात एक 'का' किंवा 'किती' लिहा. गव्हाचे १०० दाणे तयार व्हायला किती अर्धगुणसूत्री विभाजनं लागतील? १०० दाण्यांना १०० अंडपेशी हव्यात. प्रत्येक अंडपेशीमागे एक विभाजन होतं, कारण चारपैकी तीन पेशी नष्ट होतात. परागकण मात्र एका विभाजनातून चार मिळतात, म्हणून १०० परागकणांना २५ पुरतात. एकूण १२५. हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला जातो आणि ज्याने धडा समजून वाचलाय त्याला सूत्र लागत नाही.

आकृती हेच उत्तर

आकृती उत्तराच्या शेवटी, वेळ उरला तर काढायची असते, ही समजूत डोक्यातून काढून टाका. माझ्या अनुभवात तपासणाऱ्याची नजर आधी आकृतीवर जाते.

सराव असा करा. पुस्तकातली आकृती दोन मिनिटं नुसती बघा. पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर काढा. पुस्तक उघडून चुका लाल पेनाने दुरुस्त करा. लगेच दुसऱ्यांदा काढा. तिसऱ्या दिवशी पुन्हा, न बघता. समोर पुस्तक ठेवून उतरवलेली आकृती कितीही देखणी असली तरी ती हाताला येत नाही, आणि जर्नल सुबक असलेल्या मुलांना परीक्षेत हृदयाचे कप्पे उलटसुलट करताना मी पाहिलंय. (उजवं-डावं हे हृदय ज्याचं आहे त्या माणसाचं असतं, बघणाऱ्याचं नाही. समोर उभ्या माणसाची छाती बघतोय असं मानून काढा.)

पेन्सिल टोकदार, रेघ एकच आणि अखंड. छटा मारायच्या नाहीत. नावांच्या रेषा पट्टीने, आडव्या, एकमेकींना न छेदणाऱ्या, शक्यतो सगळ्या उजव्या बाजूला. बीजांडाचा उभा छेद, अंकुरलेला परागकण, शुक्रजंतू, मूळकेस, हृदय, न्यूरॉन, प्रतिक्षेप क्रियेचा मार्ग आणि लॅक ऑपेरॉन या आकृत्या झोपेतून उठवलं तरी यायला हव्यात.

आकडे अंगावर शोधा

हृदयचक्राचे आकडे पाठ करताना मुलं वैतागतात. मनगटावर तीन बोटं ठेवा, घड्याळ लावून मिनिटाचे ठोके मोजा. पुस्तक सरासरी ७२ सांगतं. ६० सेकंदांना ७२ ने भागलं की एका ठोक्याला सुमारे ०.८ सेकंद मिळतात. त्यांतले ०.१ सेकंद अलिंदं आकुंचन पावतात, ०.३ सेकंद निलयं, आणि उरलेले ०.४ सेकंद सगळं हृदय शिथिल. म्हणजे निम्मा वेळ विश्रांती. आता एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडतं, त्याला ७२ ने गुणा: ५०४० मिलिलिटर. शरीरातलं जवळजवळ सगळं रक्त दर मिनिटाला एक फेरी मारून येतं. दोन जिने धावत चढून पुन्हा नाडी मोजा. ठोके १२० झाले तर चक्र अर्ध्या सेकंदात संपतं. कात्री बहुतांशी विश्रांतीच्या वेळेला लागते. हे स्वतःच्या मनगटावर मोजलेलं पोर तो तक्ता कधी विसरत नाही.

शोधांच्या गोष्टी: आधी प्रश्न, मग युक्ती

आनुवंशिकतेच्या रेणवीय पायाचा धडा सगळ्यांत जड वाटतो, कारण त्यात नावं आणि सालं एकामागोमाग येतात: ग्रिफिथ १९२८, ॲव्हरी, मॅक्लिओड आणि मॅकार्टी १९४४, हर्शे आणि चेस १९५२, वॉटसन आणि क्रिक १९५३, मेसेल्सन आणि स्टाल १९५८. ही यादी म्हणून वाचू नका. ही एकच गोष्ट आहे आणि प्रत्येकजण आधीच्याने सोडलेला प्रश्न हाती घेतो.

मेसेल्सन आणि स्टाल यांचंच बघा. प्रश्न: डीएनएची प्रत निघते तेव्हा जुने दोन धागे एकत्र राहतात, की प्रत्येक नव्या रेणूत एक जुना आणि एक नवा असतो? दोन्ही धागे दिसायला सारखेच, मग ओळखायचं कसं? युक्ती: जिवाणूंना आधी अनेक पिढ्या जड नायट्रोजनवर, म्हणजे एन-१५ वर वाढवलं, त्यामुळे त्यांचा सगळा डीएनए जड झाला. मग त्यांना साध्या एन-१४ वर आणलं. आता जुना धागा जड, नवा हलका. सीझियम क्लोराइडच्या द्रावणात वेगाने फिरवलं की वजनाप्रमाणे पट्टे वेगळे बसतात. निकाल: २० मिनिटांनी, एका पिढीनंतर, एकच पट्टा, मध्यम वजनाचा. जुने धागे एकत्र राहत असते तर एक जड आणि एक हलका असे दोन पट्टे दिसले असते. ४० मिनिटांनी निम्मा मध्यम, निम्मा हलका.

आता स्वतःला विचारा, ६० मिनिटांनी काय दिसेल? एका रेणूपासून आठ रेणू झाले. मूळचे जड धागे दोनच, म्हणून मध्यम रेणू दोन आणि हलके सहा. एकास तीन. हे काढता आलं तर तो प्रयोग तुमचा झाला. वहीत प्रत्येक शोधासाठी 'प्रश्न, युक्ती, निकाल' अशा तीनच ओळी लिहा.

आनुवंशिकतेची गणितं तर वाचून येतच नाहीत. रोज दोन चौकटी भरायच्या, गणिताच्या सरावासारख्या. आपल्या मुंबईने या धड्याला एक सुंदर कोडं दिलंय. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत एक वेगळाच रक्तगट नोंदवला, तो 'बॉम्बे' रक्तगट म्हणून जगभर ओळखला जातो. समजा, आईचा गट चाचणीत 'ओ' दिसतो, वडिलांचा 'बी' आणि मुलाचा 'ए'. नेहमीच्या नियमाने हे अशक्य. पण ए आणि बी ही प्रतिजनं आधी 'एच' या पायावर उभी राहतात. आईकडे एचचं जनुक दोन्हीकडून अप्रभावी असेल, तर तिच्याकडे ए-चं जनुक असूनही ते दिसणार नाही. वडिलांनी मुलाला एक चांगलं एच आणि एक ओ-चं जनुक दिलं की आईचं लपलेलं ए मुलात प्रकट होतं. ही चौकट स्वतः मांडून बघा. जनुकांची परस्परक्रिया यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

पर्यावरणाच्या शेवटच्या तीन धड्यांबद्दल एवढंच सांगतो की ते सोपे समजून मार्चवर ढकलू नका, कारण मार्च येण्याआधी पेपर होऊन गेलेला असू शकतो. सहल निघाली तर डोळे उघडे ठेवा. सात वर्षांतून एकदा फुलणारी कारवी, खाडीत झाडावरच रुजणारं कांदळाचं बी, तिवराची चिखलातून वर आलेली श्वसनमुळं: पुस्तकातली उदाहरणं आपल्या सह्याद्रीत आणि कोकणात उभी आहेत.

प्रॅक्टिकलचे ३० गुण

१०० पैकी ३० गुण प्रयोगशाळेत आहेत आणि ते मिळवणं सगळ्यांत सोपं आहे, फक्त हात चालला पाहिजे. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड नीट जमली की बाकीच्या आपोआप जमतात, म्हणून ती सविस्तर सांगतो.

जुनी वाळकी मुळं खरवडून कांदा पाण्याने भरलेल्या ग्लासच्या तोंडावर बसवा, बूड पाण्याला टेकेल असा. दोन-चार दिवसांत पांढरी मुळं फुटतात. दोन सेंटिमीटर झाली की सकाळी कापा, कारण त्या वेळी विभाजन जोरात असतं. ती ॲसिटिक आम्ल एकास अल्कोहोल तीन अशा मिश्रणात २४ तास ठेवतात. मग स्लाइडवर एक मूळ, त्यावर ॲसिटोकार्मिनचे दोन-तीन थेंब आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब. स्लाइड दिव्यावरून नुसती फिरवायची, तळहाताच्या मागे लावून बघितली तर कोमट लागेल इतपतच. रंग उकळला तर सगळं जळतं. पाच-दहा मिनिटांनी मुळाचं गडद रंगलेलं टोक, फक्त दोन-तीन मिलिमीटर, ठेवून बाकीचं फेकून द्या. इथेच बहुतेकांचं चुकतं. टोकाऐवजी वरचा भाग ठेवला तर लांबुळक्या पेशी दिसतात आणि एकही विभाजन सापडत नाही. पाण्याचा थेंब, मग कव्हरस्लिप एका कडेने टेकवून तिरकी सोडायची म्हणजे हवेचे बुडबुडे राहत नाहीत. वर टिपकागद, आणि सुईच्या बोथट टोकाने टकटक. शेवटी अंगठ्याने सरळ खाली दाब, घसरू न देता.

आधी कमी क्षमतेच्या भिंगाखाली चौकोनी, दाट पेशींचा भाग शोधा, मगच मोठं भिंग लावा. बहुतेक पेशी इंटरफेजमध्ये असतील, मेटाफेज मोजकेच सापडतील. हे अपयश समजू नका. पेशीच्या आयुष्याचा बहुतेक काळ इंटरफेजमध्ये जातो, हाच तर त्या स्लाइडचा निष्कर्ष आहे आणि तोंडी परीक्षेत हेच विचारतात.

परागकण रुजवायचे असतील तर सदाफुली घ्या. साखरेच्या १० टक्के द्रावणात, किंचित बोरिक आम्ल घालून, साधारण अर्ध्या तासात नलिका फुटताना डोळ्यांदेखत दिसतात.

उजळणी आणि पेपर

वाचलेलं पुन्हा वाचणं म्हणजे उजळणी नव्हे. कोरा कागद घ्या, वर धड्याचं नाव लिहा आणि आठवेल ते सगळं दहा मिनिटांत उतरवा. मग पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाने भरा. तो दुसरा रंग म्हणजे तुमचा खरा अभ्यासक्रम. हे शिकवल्याच्या रात्री, तिसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने करा. बारावीला १५ धडे आहेत. जूनपासून लागलात तर दिवाळीपर्यंत एक फेरी आरामात होते.

बोर्ड आणि प्रवेश परीक्षा यांचा अभ्यास वेगळा नाही, पण मागणी वेगळी आहे. नीटमध्ये ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, आणि तिथे एनसीईआरटीच्या पुस्तकाची ओळन् ओळ लागते. सीईटीत जीवशास्त्राचे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, वजा गुण नाहीत, साधारण २० टक्के भाग अकरावीचा. धडा आधी राज्य मंडळाच्या पुस्तकातून समजून घ्या, मग तोच एनसीईआरटीतून वाचा, जास्तीचं समासात टिपा. दोन पुस्तकांवर पाच गाइडं चढवू नका.

बोर्डाचा लेखी पेपर ७० गुणांचा, तीन तासांचा. 'अ' विभागात १० बहुपर्यायी आणि ८ एका गुणाचे प्रश्न. 'ब' मध्ये बारापैकी आठ, दोन गुणांचे. 'क' मध्ये बारापैकी आठ, तीन गुणांचे. 'ड' मध्ये पाचपैकी तीन, चार गुणांचे. मी मुलांना 'अ' ला ३० मिनिटं, 'ब' ला ४०, 'क' ला ६० आणि 'ड' ला ३५ असा वेळ लावून देतो. उरलेली १५ मिनिटं आकृत्यांची नावं तपासायला. दोन गुणांना दोन मुद्दे, तीन गुणांना तीन. पानभर लिहून गुण वाढत नाहीत आणि 'ड' मात्र अर्धा राहतो. प्रश्न निवडताना आकृतीचा पर्याय असेल तर तो आधी घ्या, तुमचा हात तयार आहे. आणि पेन्सिलीला घरूनच टोक काढून ठेवा, दोन पेन्सिलींना.